अकरा रकाने आणि रात्रपाळीतली चाळीस मिनिटं

पत्र, थोडक्यात:

"मी ३४ वर्षांची आहे. महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी असते. लहानपणी भाऊ आणि मी कुणाकडून तरी उसन्या आणलेल्या गेम बॉयवर आळीपाळीने खेळायचो. कॉलेजनंतर ते सुटलं, पण स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये घेतलेले साठेक गेम जुन्या लॅपटॉपवर पडून आहेत. बरेचसे अर्धवट. आता पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईतून, स्वतःसाठी हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, घ्यायचं ठरवलंय. पाळीच्या मधल्या सुट्टीत चाळीस मिनिटं मिळतात, तिथे इंटरनेट जवळपास नसतंच. तीन महिने तुलना करतेय, अकरा रकान्यांचा तक्ता केलाय. भावाकडे स्टीमवाल्यांचाच हँडहेल्ड, स्टीम डेक आहे. तो म्हणतो निंटेंडो लोभी कंपनी आहे, तिला पैसे देऊ नकोस. नवरा म्हणतो निंटेंडोचाच स्विच २ घे, आठ वर्षांची लेकही खेळेल. एक सहकारी म्हणतो विंडोजवालं घे, त्यावर सगळंच चालतं. माझं उजवं मनगट अधूनमधून दुखतं. चुकीचं घेतलं तर 'स्वतःवर खर्च केला आणि तोही वाया घालवला' असं वाटत राहील. सगळ्यात चांगलं कोणतं? आणि कोणत्या कंपनीवर विश्वास ठेवू?"

प्रिय मैत्रीण,

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला तक्ता मी दोनदा वाचला. प्रोसेसर, रॅम, स्क्रीनचा आकार, रेझोल्यूशन, रिफ्रेश रेट, स्टोरेज, सगळं नीट भरलेलं आहे आणि बहुतेक आकडे बरोबर आहेत. पण पत्रातल्या तीन गोष्टी तक्त्यात कुठेच नाहीत: चाळीस मिनिटांची सुट्टी, इंटरनेट नसलेली खोली आणि दुखणारं मनगट. या तिघींना रकाना दिला असता तर तुमचा निर्णय दुसऱ्याच महिन्यात झाला असता, असं मला वाटतं.

आधी 'सगळ्यात चांगलं कोणतं' हा प्रश्न घेऊ. आकड्यांनी मोठं ते चांगलं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. हँडहेल्डच्या बाबतीत हे गृहीतक फार जुनं आहे आणि ते अनेकदा खोटं ठरलं आहे. तुम्ही ज्या गेम बॉयवर वाढलात तो १९८९ साली आला. राखाडी-हिरवट स्क्रीन, चार छटा, मागून उजेड नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत आणि उजेड असलेल्या स्क्रीनचा. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. त्या काळी कुणी तक्ता केला असता तर गेम बॉय तळाला गेला असता. पण लिंक्स आणि गेम गिअर सहा सेल घालून चार-पाच तासांत थकायचे, आणि गेम बॉय चार सेलवर दहा-बारा तासांच्या पुढे चालायचा. गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून जवळपास १२ कोटी विकले गेले. गेम गिअर सुमारे एक कोटीवर थांबला.

हे योगायोगाने झालं नाही. गेम बॉयमागे गुनपेई योकोई हे निंटेंडोचे अभियंते होते. मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते वेगळ्या तऱ्हेने वापरायचं, ही त्यांची रीत. ती कंपनीच्या अंगात भिनली. २०१७ च्या पहिल्या स्विचमध्ये जी चिप होती ती तेव्हाच दोन वर्षं जुनी होती, आणि तरी ते यंत्र १५ कोटींच्या वर गेलं. मी निंटेंडोची तरफदारी करत नाही. तुमच्या तक्त्यातल्या 'प्रोसेसर' रकान्याला तुम्ही जे वजन दिलंय ते थोडं काढून घ्यावं, एवढंच सांगतेय.

रेझोल्यूशनचंही तसंच. तुम्ही स्टीम डेकसमोर लाल पेनने '१२८० बाय ८००, कमी' असं लिहिलंय आणि असूसच्या अ‍ॅलाय या विंडोजवाल्या हँडहेल्डसमोर '१९२० बाय १०८०, छान'. दुसऱ्या स्क्रीनवर ठिपके दुप्पट आहेत. म्हणजे प्रत्येक फ्रेमला यंत्राने दुप्पट ठिपके रंगवायचे. त्यासाठी जास्त वीज, जास्त उष्णता, पंख्याचा जास्त आवाज. सात इंचांच्या स्क्रीनवर, हातभर अंतरावरून, फरक दिसतो पण तेवढा नाही. बॅटरीचा हिशेब मात्र लगेच दिसतो. ५० वॉट-तासांची बॅटरी असेल आणि सगळं यंत्र मिळून १० वॉट खात असेल तर पाच तास मिळतात. तेच यंत्र जड गेममध्ये २५ वॉट खायला लागलं की दोनच. म्हणून कंपन्या बॅटरीचे एवढे ऐसपैस आकडे देतात: स्विच २ साठी दोन ते साडेसहा तास, डेकच्या ओलेड (ज्याच्या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) मॉडेलसाठी तीन ते बारा. दोन्ही खरे आहेत, गेम कोणता त्यावर. तुमची सुट्टी चाळीस मिनिटांची आहे, ताई. बाजारातलं कुठलंही यंत्र तेवढं चालतं. बॅटरीचा रकाना तुम्ही खोडून टाकू शकता.

त्याऐवजी एक रकाना घाला: झोपवलेलं यंत्र किती लवकर आणि किती खात्रीने जागं होतं. चाळीस मिनिटांतली पहिली पाच मिनिटं हात धुण्यात जातात, शेवटची पाच परत जाण्यात. मधेच कुणीतरी हाक मारतं. अशा वेळी बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबला पाहिजे आणि चार तासांनी पुन्हा दाबलं की त्याच पावलावर सुरू झाला पाहिजे. स्विच हे फार चोख करतो. स्टीम डेकही करतो, कारण त्यातली स्टीमओएस ही लिनक्सवर उभी केलेली प्रणाली याच कामासाठी घडवली आहे. विंडोज मुळात टेबलावरच्या संगणकासाठी घडली, आणि हातातल्या यंत्रात ते जाणवतं: मधेच येणारे अपडेट, बोटाने नीट न दाबता येणाऱ्या बारीक खिडक्या, झोपवून ठेवलेलं यंत्र बॅगेत तापलेलं सापडणं. २०२५ च्या ऑक्टोबरात असूस आणि मायक्रोसॉफ्टने मिळून रॉग एक्सबॉक्स अ‍ॅलाय आणला, त्यात डेस्कटॉप बाजूला ठेवून थेट गेमच्या पडद्यावर नेणारी सोय आहे. सुधारणा खरी आहे. तरी रात्री अडीच वाजता, थकलेल्या डोक्याने वापरायचं यंत्र म्हणून मी तुम्हाला विंडोजवालं सुचवणार नाही.

मी स्वतः एकदा असंच एक ताकदवान यंत्र घेतलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की ते कायम टेबलावर, चार्जरला लावलेलं असतं आणि मी खुर्चीत बसून खेळते. प्रवासात मी ते एकदाही नेलं नव्हतं, कारण ते जड होतं आणि त्याचा चार्जर त्याहून गैरसोयीचा. तुमचं पत्र वाचताना मला ते आठवत राहिलं.

सहकाऱ्याचं 'सगळंच चालतं' हे मात्र बऱ्याच अंशी खरं आहे, आणि इतर वाचकांसाठी सांगते: तुम्ही फोर्टनाइट किंवा व्हॅलरंटसारखे ऑनलाइन स्पर्धेचे गेम खेळत असाल तर ते स्टीमओएसवर चालत नाहीत. त्यांची फसवणूक रोखणारी व्यवस्था लिनक्सला सामावून घेत नाही. एपेक्स लेजेंड्स आधी चालायचा, २०२४ च्या अखेरीस त्यानेही दार बंद केलं. ज्यांचा जीव अशा गेममध्ये आहे त्यांनी विंडोजवालंच बघावं. तुमच्या यादीत असा एकही गेम नाही.

आता कंपन्यांकडे वळू. यावरून भावाबहिणीत अबोला धरण्यापर्यंत गेलं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर.

'कोणत्या कंपनीवर विश्वास ठेवू' याऐवजी 'ही कंपनी पैसे कशातून कमावते' असं विचारलं की बरंच धुकं निवळतं. निंटेंडो क्योटोत १८८९ साली पत्ते बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली, आणि आजही ती यंत्र आणि खेळ दोन्ही स्वतः घडवून विकते. मारिओ आणि झेल्डाचे मुख्य गेम खेळायचे तर तिच्याच यंत्रावर. म्हणून तिचे गेम क्वचितच स्वस्त होतात, आणि म्हणूनच ते यंत्र वर्षानुवर्षं जपलं जातं, कारण त्यावर गेम विकायचे असतात. डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्हचं पोट स्टीम या दुकानावर चालतं. तिथे विकल्या जाणाऱ्या गेममागे ती साधारण ३० टक्के घेते. डेक हे त्या दुकानाचं हातात मावणारं दार आहे. त्यामुळे यंत्र मोकळं ठेवणं तिला परवडतं: तुम्ही त्यावर विंडोज टाका, ते उघडून सुटे भाग बदला, तिची हरकत नसते. भाग आयफिक्सिट या सुटे भाग विकणाऱ्या कंपनीकडून मिळतात. असूस आणि लेनोव्हो यांना गेमच्या विक्रीतून काही मिळत नाही, त्यांची कमाई यंत्रावरच. साहजिकच नवं मॉडेल लवकर येतं आणि जुन्याकडचं लक्ष त्यामानाने लवकर ओसरतं. लेनोव्होने २०२५ मध्ये लीजन गो एस या हँडहेल्डचं एक मॉडेल स्टीमओएससह आणलं, ही मला आवडलेली घडामोड आहे. डेक सोडून त्या प्रणालीचं अधिकृत यंत्र प्रथमच मिळालं.

सोनीचं उदाहरण यात सगळ्यात शिकवणारं आहे. २०११ चा व्हीटा हा तिचा हँडहेल्ड हातात घेतला की आजही सुंदर वाटतो. ओलेड स्क्रीन, अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक, उत्तम बांधणी. पण त्याला फक्त सोनीचीच महागडी मेमरी कार्डं लागायची, आणि कंपनीचं मन मोठ्या प्लेस्टेशनमध्ये होतं. २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. २०२१ मध्ये तर त्याचं ऑनलाइन दुकानही बंद करायचं जाहीर झालं होतं. लोकांनी एवढा निषेध केला की महिन्याभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. आजचं प्लेस्टेशन पोर्टल तुमच्या तक्त्यात आहे. ते आजच काढा. त्याला खेळायला इंटरनेट लागतंच, तुमच्या सुट्टीच्या खोलीत ते नुसती काळी पाटी होईल.

भावाचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. निंटेंडोने ३डीएस या आपल्या जुन्या हँडहेल्डचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं. स्विचच्या दोन बाजूंना लागणाऱ्या जॉय-कॉन कंट्रोलरच्या स्टिक आपोआप सरकायच्या, त्यावर कंपनीच्या अध्यक्षांना २०२० मध्ये माफी मागावी लागली. पण त्याच कंपनीचे आधीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी ३डीएस चालेना म्हणून सहा महिन्यांच्या आत किंमत उतरवली तेव्हा स्वतःचा पगार निम्मा केला होता. आणि व्हॉल्व्हने पैसे देऊन नशीब आजमावायच्या पेट्या आपल्या गेममध्ये आणल्या, ज्यात कोवळी मुलंही ओढली गेली. स्टीमवर घेतलेला गेमसुद्धा तुमच्या मालकीचा नसतो, तो खेळायचा परवाना असतो. २०२४ पासून खरेदीच्या वेळी ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. भावाला माझ्याकडून सांगा की कंपनी निवडताना चारित्र्याचा दाखला मिळत नाही. तुम्हाला कोणत्या अटी झेपतात ते बघायचं. तुम्ही गेम दुसऱ्याला द्यायला, विकायला, कपाटात ठेवायला आवडणाऱ्या असाल तर निंटेंडोचं कार्ट्रिज अजून तेवढं स्वातंत्र्य देतं. फक्त स्विच २ च्या काही डब्यांत 'गेम-की कार्ड' असतं, म्हणजे आत गेम नाही, नुसती किल्ली. गेम डाउनलोडच करावा लागतो. डब्यावर तसं छापलेलं असतं, घेताना बघा.

आता जे मला पत्रात सगळ्यात खोल वाटलं त्याकडे. तुम्ही एका वाक्यात 'स्वतःसाठी' म्हणता आणि पुढच्या परिच्छेदात लेकीचं, नवऱ्याचं, भावाचं मत मांडता. तुमच्या तक्त्यात दोन ग्राहक आहेत: तुम्ही, आणि लेक. दोघींच्या गरजा एका यंत्रात कोंबायच्या म्हणून तीन महिने तो तक्ता सुटत नाहीये. लेकीसाठी आणलेलं यंत्र लेकीचं होईल. ते चांगलंच आहे, पण मग तुमच्या रात्रपाळीच्या बॅगेत ते नसेल, कारण संध्याकाळी तिने ते कुठेतरी अर्धवट चार्ज करून ठेवलेलं असेल. नवऱ्याचं म्हणणं प्रेमाचं आहे. तरी त्यांना स्पष्ट सांगा की हे माझं आहे. 'वाया गेलं' ही भीतीही मला तिथूनच आलेली दिसते. घरच्या मिक्सरवर तुम्ही तीन महिने घालवले नसते.

म्हणून माझं मत: तुम्ही स्टीम डेकचं ओलेड मॉडेल घ्या. साठ गेम तुमचे आधीच आहेत, त्यांचे पैसे दिलेले आहेत, त्यांतल्या अर्धवट गोष्टींची तुम्हाला हुरहूर आहे. तुमच्या यादीतल्या गेमना डेकवर 'व्हेरिफाइड' असा हिरवा शेरा आहे का, ते स्टीमवरच दिसतं. वीस-पंचवीस तरी निघतील अशी माझी अटकळ आहे. तेवढे वर्षभर पुरतात. ओलेडमुळे मंद उजेडाच्या खोलीत काळा रंग खरा काळा दिसतो, डोळ्यांना बरं वाटतं. आणि नवा गेम आवडला नाही तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, स्टीम पैसे परत करतं. चुकीची भीती असलेल्या माणसाला ही सोय मोलाची आहे.

पण मनगट. डेक ओलेड ६४० ग्रॅमचा आहे. स्विच २ जॉय-कॉनसह साधारण ५३४, जुना स्विच लाइट पावणेतीनशेच्या आसपास, आणि लेनोव्होचा पहिला लीजन गो तब्बल ८५४. शंभर ग्रॅमचा फरक कागदावर काहीच नाही, पण आडवं पडून, हात उचलून वीस मिनिटांनी तो कोपरापर्यंत पोहोचतो. हे तुम्हाला कुणी वाचून सांगू शकणार नाही. तुम्हीच करून बघायला हवं. घरात साडेसहाशे ग्रॅमचं पुस्तक शोधा, दोन्ही हातांत आडवं धरून अर्धा तास बसा. मांडीवर उशी घेऊन पुन्हा बसा. उशीनेही दुखलं तर डेक विसरा आणि स्विच २ कडे जा: त्याचे दोन्ही जॉय-कॉन सुटे होतात, स्क्रीन टेबलावर उभी राहते, हात मांडीवर सैल ठेवून खेळता येतं. दुखऱ्या मनगटासाठी त्याहून चांगली रचना सध्या मला माहीत नाही. तेव्हा साठ गेमचा मोह बाजूला ठेवा. स्विच २ घेतलात तर एक लक्षात असू द्या, त्याच्या गेमसाठी साधं मायक्रोएसडी कार्ड चालत नाही, एक्स्प्रेस प्रकारचंच लागतं.

लेकीसाठी घाई नको. पुढे कधी तिच्यासाठी वापरलेला स्विच मिळाला तर पहिल्या पिढीचा, सुट्या जॉय-कॉनचा बघा. लाइट छोट्या हातांना छान बसतो, पण त्याच्या स्टिक अंगातच बसवलेल्या असतात. सरकायला लागल्या की अख्खं यंत्र दुरुस्तीला. सुट्या जॉय-कॉनचं तसं नाही, एक बिघडला तर तेवढाच बदलतो. वापरलेलं घेताना सेटिंगमध्ये स्टिकची चाचणी असते, ती उघडा, बोट न लावता दोन मिनिटं ठिपका मध्यावर राहतो का बघा. तिच्या खेळण्याच्या वेळेवर फोनमधल्या अ‍ॅपमधून लक्ष ठेवता येतं.

आणि खरेदीच्या आधी भावाला फोन करा. त्याचा डेक आठ दिवस उसना मागा, रात्रपाळीच्या आठवड्यात. अबोला संपवायला हे निमित्तही बरं आहे, शिवाय तो नक्की देईल, तुम्ही आळीपाळीने खेळत वाढलेली भावंडं आहात. मशीन हातात आलं की घरी असतानाच आपल्या अकाउंटने लॉगिन करा, दोन-तीन गेम डाउनलोड करा आणि प्रत्येक गेम नेट चालू असताना एकदा सुरू करून बघा, म्हणजे सुट्टीच्या खोलीत ऑफलाइन चालताना अडणार नाही. एक गेम असा घ्या ज्यात कुठेही थांबता येतं, एक असा जो तुम्ही सात वर्षांपूर्वी अर्ध्यावर सोडला होता. आठव्या दिवशी मनगट कसं आहे आणि किती रात्री तुम्ही ते खरंच बॅगेतून बाहेर काढलंत, ते मला कळवा.